दोन गावे, दोन पोथ्या : रिद्धपूर आणि मोंतायू

१/
वऱ्हाडचा इतिहास म्हटला की गाविलगड, नरनाळा, अचलपूरची इमादशाही आणि १८०३ मधील अडगावची लढाई ही नावे लगेच पुढे येतात. या यादीत एका लहानशा गावाचे नाव क्वचितच घेतले जाते. तरीही सातशे वर्षांपूर्वीची साधी मराठी माणसे कशी बोलत, काय खात, कशावरून रुसत, कुठे पाणी भरत हे ज्या मोजक्या ठिकाणांमुळे कळते, त्यांत त्या गावाचा मान फार वरचा आहे. ते गाव म्हणजे रिद्धपूर.

२/
अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील हे गाव. भोवती काळी जमीन, संत्र्यांच्या बागा, उत्तरेकडे सातपुड्याची रेघ. जुन्या पोथ्यांत त्याचे नाव ऋद्धिपूर असे येते. महानुभाव पंथाचे हे महास्थान असल्याने भाविकांना ते परिचित आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मात्र ते बहुधा परीक्षेतील एका ओळीपुरते भेटते : ‘लीळाचरित्र येथे लिहिले गेले.’ त्या एका ओळीत काय दडले आहे, ते या धाग्यात पाहू.

३/
त्यासाठी आधी थोडे दूर, फ्रान्सच्या दक्षिण टोकाला जावे लागेल. पिरेनीज पर्वतात सुमारे १३०० मीटर उंचीवर मोंतायू नावाचे एक चिमुकले खेडे आहे. उतारावर घरे, माथ्यावर पडक्या गढीचे अवशेष, भोवती कुरणे. चौदाव्या शतकाच्या आरंभी येथे जेमतेम अडीचशे माणसे राहत. राजधानीपासून दूर, व्यापारी रस्त्यापासून दूर. अशा गावाचे नाव आज जगभरच्या विद्यापीठांत का घेतले जाते?

४/
कारण एक चौकशी. मोंतायूच्या परिसरात ‘कॅथार’ मताचे लोक होते. हे दृश्य जग सैतानी तत्त्वाची निर्मिती आहे असे ते मानत आणि रोमच्या चर्चचा अधिकार नाकारत. चर्चच्या दृष्टीने हे पाखंड होते. १३०८ मध्ये तर गावातील प्रौढ माणसांना सरसकट अटक झाली होती. पुढे पामिए येथील बिशप झाक फुर्निए याने १३१८ ते १३२५ या काळात नव्याने कसून चौकशी आरंभली.

५/
फुर्निए चिकाटीचा माणूस होता. त्याच्यापुढे ९८ खटले चालले आणि त्यांत ५७८ जबाब झाले. साक्षीदार आपल्या ऑक्सितान बोलीत बोलत. लेखनिक ते टिपून लॅटिनमध्ये उतरवत. हाच फुर्निए १३३४ मध्ये बारावा बेनेडिक्ट या नावाने पोप झाला. त्यामुळे त्याच्या नोंदवहीचा एक खंड व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सुरक्षित राहिला. लॅटिन हस्तलिखित क्रमांक ४०३०.

६/
फुर्निएला हवी होती पाखंडाची माहिती : कोण कोणाच्या घरी गेले, कोणते प्रवचन ऐकले, कोणाला नमस्कार केला. पण घाबरलेला माणूस प्रश्नापुरते बोलत नाही. ‘त्या दिवशी मी उन्हात बसून अमकीच्या डोक्यातील उवा काढत होते, तेव्हा...’ अशा थाटाची उत्तरे येत गेली. मेंढ्यांची वर्दळ, शेकोटीभोवतीच्या गप्पा, प्रेमप्रकरणे, मृत्यूची भीती असे सारे गाव त्या वहीत शिरले.

७/
त्या वहीत पिएर मोरी हा मेंढपाळ आहे. हिवाळ्यात कळप घेऊन पर्वतापलीकडे जाणारा, मित्रांना जपणारा, दारिद्र्यातही मोकळा. बेआत्रिस द प्लानिसोल ही गढीवाल्याची विधवा आहे. गावचा पाद्री पिएर क्लेर्ग आहे. तो चर्चचा माणूस, कॅथारांचा छुपा मित्र आणि अनेक स्त्रियांचा प्रियकर अशा तिन्ही भूमिका एकाच वेळी निभावत होता. राजांच्या बखरीत अशा माणसांना जागा नसते.

८/
झां द्युव्हेर्नुआ या अभ्यासकाने १९६५ मध्ये ही नोंदवही छापली. तिच्या आधारे एमान्युएल ल र्वा लादुरी या इतिहासकाराने १९७५ मध्ये ‘मोंतायू’ हा ग्रंथ लिहिला. इतिहासाचा जाड ग्रंथ असूनही सामान्य वाचकांनी तो डोक्यावर घेतला. सामान्यांचा इतिहास कसा लिहावा याचा तो जणू वस्तुपाठ ठरला.

९/
आता परत वऱ्हाडात. मोंतायूच्या चौकशीआधी सुमारे चाळीस वर्षे, रामदेवराव यादवाच्या काळात, रिद्धपुरात एक माणूस अशाच आठवणी गोळा करीत बसला होता. त्याच्याजवळ तुरुंग नव्हता, शिपाई नव्हते. होती फक्त चिकाटी. त्याचे नाव म्हाइंभट.

१०/
पार्श्वभूमी थोडक्यात अशी. रिद्धपुरात गोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, राहत. जवळच्या काटसुरे गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आईवडील गेल्याने नातलगांनी त्यांना रिद्धपुरात वाढवले. गुजरातेतून आलेल्या चक्रधरांना त्यांच्यापासून ज्ञानशक्ती लाभली असे पंथ मानतो. चक्रधरांनी पुढे महानुभाव पंथ उभा केला. पंथाच्या पाच कृष्णांत गोविंदप्रभू चौथे आणि चक्रधर पाचवे.

११/
चक्रधर मेहकर, लोणार, आलेगाव, पैठण असे गावोगाव फिरले. स्त्रिया आणि शूद्र यांनाही मोक्षाचा अधिकार आहे, असे त्यांनी मराठीत सांगितले. देवगिरीच्या दरबारी वर्तुळातून त्यांना विरोध झाला. १२७० च्या दशकात ते आपल्या अनुयायांमधून गेले; पंथाच्या भाषेत, त्यांनी ‘उत्तरापंथे गमन’ केले. शोकाकुल शिष्य नागदेवाचार्यांसह रिद्धपूरला आले आणि वृद्ध गोविंदप्रभूंच्या सेवेत राहू लागले.

१२/
याच दिवसांत म्हाइंभटाने ठरवले की स्वामींच्या आठवणी विरून जाण्याआधी त्या टिपल्या पाहिजेत. ज्याने जे पाहिले, ज्याने जे ऐकले, ते त्याच्याकडून विचारून घ्यायचे. मग ते नागदेवाचार्यांना ऐकवून पारखायचे. रिद्धपुरातील वाजेश्वरी या स्थानी हे लेखन झाले अशी परंपरा आहे. काळ साधारण १२७८. ज्ञानेश्वरीच्या आधीचे एक तप.

१३/
असे तयार झाले ‘लीळाचरित्र’. मराठीतील पहिला मोठा गद्य ग्रंथ आणि पहिले चरित्रही. त्यातील वाक्ये लहान, बोलण्यातील आहेत. प्रसंग कुठे घडला, वेळ कोणती, जवळ कोण होते हे नेमके सांगितलेले असते. एखाद्या प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर अमक्याचा पाठ असा आणि तमक्याचा असा, हेही पोथ्यांत नोंदलेले सापडते. आजचा संशोधक तळटीपेत जे करतो, तेच हे काम.

१४/
गोविंदप्रभूंच्या निधनानंतर, १२८८ च्या सुमारास, म्हाइंभटाने दुसरा ग्रंथ रचला : ‘गोविंदप्रभुचरित्र’, ज्याला ‘ऋद्धिपूरचरित्र’ असेही म्हणतात. तीनशेहून अधिक लहान लहान लीळा. चक्रधरांची भटकंती पूर्वार्ध-उत्तरार्धभर गावोगाव नेते. हा ग्रंथ मात्र बहुतांशी एकाच गावात फिरतो. म्हणूनच मोंतायूशी याची तुलना करावीशी वाटते.

१५/
या ग्रंथातील गोविंदप्रभू हे रूढ अर्थाने संत वाटतच नाहीत. ते प्रवचन करीत नाहीत. मुलांसारखे खेळतात, हट्ट करतात, रुसतात, हसतात. कोणाच्याही घरात शिरून चुलीवरचे मागून खातात. लाडू, वडे, धिरडी यांवरून रंगलेले प्रसंग वाचताना एखाद्या वऱ्हाडी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्यासारखे वाटते. बोलताना ते लाडाची शिवी घालतात. गावाने त्यांना वेडे म्हटले आणि देवही म्हटले.

१६/
त्यांच्या मागे चालताना गाव आपोआप उलगडते. देवळे, मठ, तळी, विहिरी, बाजार, वाण्याचे दुकान, ब्राह्मणांची घरे आणि गावाबाहेरची वस्ती. राऊळ कुठेही जात असल्याने म्हाइंभटाची लेखणीही कुठेही गेली. जिथे एरवी कोणी ग्रंथकार पाऊल टाकला नसता, त्या अस्पृश्यांच्या घरांतही ती शिरली. राऊळ तेथे जात, तेथे खात आणि तेथून निघून पुन्हा ब्राह्मणाच्या घरात शिरत.

१७/
या ग्रंथातील एक लीळा विशेष लक्षपूर्वक वाचावी अशी. गावातील मातंगांना पिण्याच्या पाण्याची सोय नव्हती. त्यांनी राऊळांना विनवले. राऊळांनी एक जागा दाखवली, तेथे खणले आणि पाणी लागले. भाविक याला कृपा म्हणेल, संशयवादी दंतकथा म्हणेल. इतिहासाचा विद्यार्थी मात्र तिसराच प्रश्न विचारतो : या गोष्टीत काय गृहीत धरले आहे?

१८/
गृहीत हे आहे की तेराव्या शतकातील वऱ्हाडी गावात पाणी जातीनुसार वाटलेले होते. गाव तळ्याविहिरींचे, पण एका वस्तीला तहान होती. लेखकाला ही व्यवस्था समजावून सांगावीशी वाटली नाही, कारण त्याच्या वाचकाला ती ठाऊकच होती. जे जाता जाता सांगितले जाते, ते पुष्कळदा मुद्दाम सांगितलेल्यापेक्षा अधिक विश्वसनीय पुरावा असते.

१९/
ही तहान किती टिकली? महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचे आंदोलन पेटले होते. रिद्धपूरच्या त्या विनवणीपासून तोवर साडेसहाशे वर्षे लोटली होती. एका लहान लीळेचा धागा किती लांब जातो, हे यावरून कळेल.

२०/
आता दोन्ही गावे शेजारी ठेवून पाहू. फुर्निएने विचारले पाखंड. त्याला मिळाले उवा, मेंढ्या आणि मैत्री. म्हाइंभटाने विचारले दैवत. त्याला मिळाली धिरडी, विहीर आणि रुसवेफुगवे. दोघांपैकी कोणालाही गावाचा इतिहास लिहायचा नव्हता. विचारले एक, हाती आले दुसरेच. खेडी इतिहासात येतात ती बहुधा अशीच, मागच्या दाराने.

२१/
पण दोन्ही वह्यांतला फरक साम्याहून महत्त्वाचा आहे. मोंतायूच्या साक्षीदाराला शब्द जपून वापरावे लागत; एक चुकीचे नाव उच्चारले तर शेजारी तुरुंगात जाई. शिक्षा झालेल्यांना अंगरख्यावर पिवळे क्रूस लावून फिरावे लागे. रिद्धपूरच्या साक्षीदाराला भीती होती ती एकच : आठवण निसटून जाईल ही.

२२/
लादुरींवर पुढे याच मुद्द्यावरून टीका झाली. रेनातो रोसाल्दो या मानववंशशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये दाखवून दिले की लादुरींनी चौकशी अधिकाऱ्याची वही जणू अभ्यासकाची टिपणवही असल्यासारखी वाचली आणि त्यामागची सत्ता नजरेआड केली. धाकाखाली निघालेले बोलणे मनमोकळ्या गप्पा म्हणून वाचता येत नाही, असा हा आक्षेप.

२३/
मग प्रेमाने सांगितलेले सरळ खरे मानावे का? तेही नाही. म्हाइंभटाचे साक्षीदार भक्त होते. ज्या घरात राऊळ गेले नाहीत, ते घर ग्रंथात नाही. ज्याला राऊळ आवडत नव्हते, त्याची बाजू आपल्यापर्यंत क्वचितच येते. विहिरीसाठी विनवणाऱ्या मातंगांचे म्हणणेही दुसऱ्याच्या लेखणीतून येते. त्यांच्यापैकी कोणी ती लीळा लिहिली असती, तर कदाचित ती पाणी लागल्याच्या आनंदावर न संपता, पाणी नसल्याच्या कारणापासून सुरू झाली असती.

२४/
दुसरा फरक भाषेचा. मोंतायूची माणसे ऑक्सितान बोलली, पण वहीत उरली ती लॅटिन. त्यांचा आवाज आपल्याला भाषांतरातूनच ऐकू येतो. रिद्धपूरची माणसे मराठीत बोलली आणि मराठीतच लिहिली गेली. क्रियापदे, हाका, शिव्या, पदार्थांची नावे, सगळी त्यांचीच. तेराव्या शतकातील बोलणे इतक्या जवळून ऐकण्याची सोय फार थोड्या भाषांना लाभली आहे.

२५/
ही सोय आपोआप झाली नाही. पंथातील केशिराज व्यास संस्कृतचे पंडित होते आणि संस्कृतातच लिहिण्याकडे त्यांचा ओढा होता. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. त्यांचे म्हणणे असे की संस्कृताने आपल्या म्हाताऱ्या बायकांचे नुकसान होईल. पंथातील वृद्ध स्त्रियांना कळावे, हा ग्रंथाच्या भाषेचा निकष ठरला. असा निकष लावणारे विद्वान कोणत्याही शतकात थोडेच.

२६/
त्या स्त्रियांपैकी एक महदंबा, म्हणजे महदाइसा. ती नागदेवाचार्यांची चुलत बहीण आणि प्रश्न विचारून भंडावून सोडणारी शिष्या. तिच्या प्रश्नांमुळेच चक्रधरांची कितीतरी वचने टिकली. रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या सांगण्यावरून तिने श्रीकृष्ण-रुक्मिणी विवाहाची गीते, म्हणजे ‘धवळे’ रचले. ती मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. तिच्या गीतांतील नायिका रुक्मिणी हीदेखील वऱ्हाडचीच लेक. तिचे माहेर कौंडण्यपूर याच अमरावती जिल्ह्यात दाखवले जाते.

२७/
एवढे सारे असूनही रिद्धपूर मोंतायूसारखे जगप्रसिद्ध का झाले नाही? एक कारण पंथाच्या इतिहासात आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली, असे परंपरा सांगते. मग ज्यांना ती पाठ होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करण्यात आली. या पाठांतील एक ‘हिराइसा पाठ’. हिराइसा ही स्त्री होती. एका हरवलेल्या ग्रंथाचा मोठा भाग एका बाईच्या स्मरणशक्तीने वाचवला.

२८/
त्यानंतर पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. तिचे नाव सकळ लिपी. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर वा चिन्ह योजायचे. ग्रंथांचे पावित्र्य जपले गेले, पोथ्या मठांतून पंजाब आणि काबूलपर्यंत पोहोचल्या, पण पंथाबाहेरच्या मराठी माणसाला त्या वाचता येईनात. व्हॅटिकनची वही कुलपात होती. रिद्धपूरची पोथी अक्षरांच्याच कुलपात होती.

२९/
हे कुलूप विसाव्या शतकाच्या आरंभी उघडले. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांनी लिपीचा उलगडा करण्यात पुढाकार घेतला. महंतांनी पोथ्या दाखवायला सुरुवात केली. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी या साहित्याचा शोध घेतला. नागपूरच्या ह. ना. नेने यांनी १९३० च्या दशकात लीळाचरित्राचे भाग छापले. वि. भि. कोलते यांनी १९४४ मध्ये गोविंदप्रभुचरित्र आणि १९७८ मध्ये लीळाचरित्र संपादित केले.

३०/
ही वर्षे ताडून पाहावीत. रिद्धपूरच्या माणसांचा ग्रंथ १९४४ मध्ये छापून तयार होता. मोंतायूची वही त्यानंतर एकवीस वर्षांनी छापली गेली. साधने आपल्याकडे आधी होती. उणीव होती ती लादुरीसारख्या एका प्रश्नाची : या भक्तिग्रंथातून एक संपूर्ण गाव उभे करता येईल का? अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि जगाला रिद्धपूरचा दरवाजा दाखवला. आत जाऊन घर मांडण्याचे काम अजून बरेच शिल्लक आहे.

३१/
रिद्धपूरला स्वतःवरची कविताही लाभली आहे. नारायण व्यास बहाळिये यांचे ‘ऋद्धिपूरवर्णन’ हे महानुभावांच्या मान्यवर ‘साती ग्रंथां’पैकी एक. राजाची नगरी नाही, तीर्थराज काशी नाही. वऱ्हाडातील एका गावावर पंडित कवीने सबंध काव्य रचले. राऊळ जेथे बसले, जेवले, खेळले, त्या जागा पंथाने ओट्यांनी खुणावून ठेवल्या. राजमठ आहे, वाजेश्वरी आहे. पोथी हातात घेऊन गाव फिरता येते.

३२/
२०२४ मध्ये याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मात्र या गावाचा खरा सन्मान फलकांनी वा घोषणांनी होणार नाही. येथे बसून एका माणसाने जे केले ते पुन्हा केले, तरच तो होईल : घरोघरी जाणे, विचारणे, ऐकणे, दोन आठवणी जुळत नसतील तर दोन्ही लिहून ठेवणे.

३३/
अमरावती-अकोल्याच्या प्रत्येक गावात आज अशी माणसे आहेत ज्यांना जुनी विहीर कोणाची होती, तिच्यावर कोणाला जाता येत नव्हते, जिनिंगचा भोंगा किती वाजता होई, पहिली एसटी कधी आली हे ठाऊक आहे. त्यांच्या दारी कोणी बिशप येणार नाही, आणि येऊही नये. म्हाइंभट मात्र यायला हवा. त्याला लागते ती एक वही आणि समोरच्याचे बोलणे न तोडण्याची सवय.

३४/
मोंतायूचा मेंढपाळ पिएर मोरी आणि रिद्धपूरचे ते पाणी मागणारे मातंग यांची कधी भेट होणे शक्य नव्हते. दोघांनाही आपले नाव, आपली तहान सातशे वर्षे टिकेल असे वाटले नसेल. एकाचे शब्द भीतीने टिकवले, दुसऱ्यांची विनवणी भक्तीने. आपल्या गावाचे शब्द कशाने टिकतील, हे ठरवायला अजून वेळ आहे, फारसा नाही.

(धागा समाप्त)
#वऱ्हाड #रिद्धपूर #लीळाचरित्र #इतिहास